किनन ॲलनची किंमत चौथा राउंड नव्हतीच

काल रात्री परत तोच वाद. शिकागोचा मित्र, पक्का बेअर्सवाला (बेअर्स म्हणजे शिकागोची टीम), फोन केला होता वेगळ्याच कामासाठी आणि बोलता बोलता गाडी किनन ॲलनवर आली. म्हणे, "तुमच्या चार्जर्सनी त्याला चौथ्या राउंडच्या पिकवर देऊन टाकला ना, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं की हा माणूस संपलाय." मला हे वाक्य सहनच होत नाही. फोनवर दोघांचेही आवाज चढले, अर्ध्या गोष्टी बोलायच्या राहिल्या, त्या सगळ्या आता इथे लिहून काढतोय. पोस्ट लांब होणार आहे, सवडीने वाचा.

फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन, हे भारतातल्या मित्रांसाठी आधीच सांगतो. किनन हा रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पळत जाऊन झेलणारा. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी सगळ्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते, त्यातली एकेक फेरी म्हणजे राउंड आणि एकेक पाळी म्हणजे पिक, जो टीम एकमेकींना देऊही शकतात. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राउंडला, ७६ व्या नंबरवर चार्जर्सनी घेतला, तेव्हा टीम आमच्या सॅन डिएगोत होती. मी इथे येऊन वर्ष झालं होतं, खेळ नीटसा कळतही नव्हता, पण १३ नंबरची जर्सी घातलेला हा पोरगा पहिल्याच सीझनला १०४६ यार्ड (बॉल झेलून टीमला पुढे नेलेलं अंतर) काढून गेला आणि मी त्याच्यामुळे खेळ बघायला शिकलो. २०१५ मध्ये किडनीला मार बसला, २०१६ मध्ये पहिल्याच मॅचला गुडघ्याचं लिगामेंट गेलं, २०१७ मध्ये टीम लॉस एंजेलिसला निघून गेली (त्याबद्दल आज नको), आणि त्याच वर्षी हा परत येऊन १०२ कॅच घेऊन मोकळा. चार्जर्सकडे ११ सीझन, ९०४ कॅच, १०,५३० यार्ड. एवढं सगळं केलेला माणूस १४ मार्च २०२४ ला बेअर्सना दिला आणि बदल्यात मिळाला चौथ्या राउंडचा पिक, नंबर ११०.

आता हा ११० नंबर किती लहान आहे ते सांगतो. ९० च्या दशकात डॅलस काउबॉईजनी ड्राफ्टच्या प्रत्येक नंबरला पॉइंट देणारा एक तक्ता बनवला होता, जिमी जॉन्सन कोच असताना, लोक अजूनही त्याचा दाखला देतात. त्यात पहिल्या नंबरला ३००० पॉइंट आहेत आणि ११० व्या नंबरला ७४. चौऱ्याहत्तर! आदल्याच सीझनला १३ मॅचमध्ये १०८ कॅच आणि १२४३ यार्ड काढलेल्या माणसाला ७४ पॉइंट. कागदावर बघितलं तर कुणीही म्हणेल की एकतर चार्जर्स वेडे आहेत नाहीतर किननमध्ये काहीतरी बिघाड आहे.

आणि माझं म्हणणं नेमकं इथे आहे, की तो पिक म्हणजे किंमत नव्हतीच. किंमत होती २३.१ मिलियन डॉलर, म्हणजे किननचा २०२४ चा पगार आणि बोनस मिळून जे देणं होतं ते सगळं बेअर्सनी अंगावर घेतलं. त्यावर वरून जे दिलं तो ११० नंबर. आपल्याकडे कर्ज चालू असलेली गाडी विकतात तेव्हा काय होतं? घेणारा विचारतो, हप्ते किती राहिलेत. हप्ते जास्त राहिले असतील तर हातात मिळणारी रक्कम कमी, म्हणून काय गाडी भंगार झाली का? इंजिन तेच आहे. तसंच हे. त्या वर्षी प्रत्येक टीमला पगारासाठी मिळून २५५.४ मिलियनची मर्यादा होती, त्यातले २३ एकट्या रिसीव्हरवर, तोही एप्रिलमध्ये ३२ पूर्ण होणारा, असं परवडणाऱ्या टीम मुळात किती असणार? बेअर्सना परवडलं कारण त्यांचा क्वार्टरबॅक नवा पोरगा असणार होता, कमी पगाराचा. गिऱ्हाईकच मोजकी असल्यावर भाव कसला चढतोय.

आणि विकणारा अडलेला आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. हार्बॉ नुकतेच कोच म्हणून आलेले, मागच्या लोकांनी करून ठेवलेले मोठमोठे करार एकदम अंगावर आलेले. १३ मार्चपर्यंत प्रत्येक टीमला पगाराच्या मर्यादेत बसायचं होतं, चार्जर्सनी दुसरा रिसीव्हर माइक विल्यम्सला सोडून दिलं, मोठ्या पगाराचे खलील मॅक आणि जोई बोसा पगार कमी करायला तयार झाले, किननलाही विचारलं, तो नाही म्हणाला. मी त्याच्या बाजूने आहे, स्पष्ट सांगतो. १०८ कॅच घेतल्यावर कशाला कमी घ्यायचा पगार? पण त्याच्या नकारानंतर लगेचच ट्रेड झाला. समोरच्याला माहीत असतं की तुम्हाला विकायलाच लागणार आहे, मग तो कशाला तिसरा राउंड देईल, दुसरा तर सोडाच.

मित्राने लगेच डिग्जचं उदाहरण काढलं. तीन आठवड्यांनी, एप्रिल २०२४ मध्ये, बिल्स टीमने त्यांचा रिसीव्हर स्टेफॉन डिग्जला ह्यूस्टनच्या टीमला दिलं आणि त्यांना मात्र दुसऱ्या राउंडचा पिक मिळाला. डिग्ज तिशीचा, १०७ कॅच, ११८३ यार्ड, म्हणजे किननपेक्षा थोडं कमीच. मग त्याला दुसरा राउंड आणि किननला चौथा, असं का? कारण डिग्जचे बरेचसे हप्ते बिल्सनी आधीच भरलेले होते! करार करताना जो बोनस रोख देतात तो पगाराच्या हिशेबात एकदम धरत नाहीत, वर्षांवर वाटून धरतात, आणि खेळाडू विकला की उरलेला सगळा बोजा त्याच वर्षी विकणाऱ्याच्या खात्यावर येऊन पडतो. बिल्सच्या खात्यावर असे ३१ मिलियन पडले, टीममध्ये नसलेल्या माणसाचे. ह्यूस्टनला द्यायचे राहिले साधारण १९. शिवाय बिल्सने डिग्जबरोबर स्वतःचेही दोन खालचे पिक दिले. म्हणजे बिल्सनी तो दुसरा राउंड एका अर्थाने स्वतःच्या पैशाने विकत घेतला. आणि ह्यूस्टनचं काय झालं, तर आठ मॅचनंतर ऑक्टोबरमध्ये डिग्जचा गुडघा गेला. ही जोखीम किननमध्येही होतीच. तिशी ओलांडलेल्या रिसीव्हरसाठी दुसऱ्या राउंडचा पिक देऊच नये असं माझं आधीपासून मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

उलटं उदाहरण बघायचं तर अमारी कूपर, हाही रिसीव्हरच. २०२२ च्या मार्चमध्ये काउबॉईजनी त्याला क्लीव्हलँडच्या ब्राउन्सना दिलं पाचव्या राउंडच्या पिकवर आणि सहाव्या राउंडच्या अदलाबदलीवर, बस. तेव्हा तो २७ वर्षांचा! म्हातारा नाही, जखमी नाही. फक्त त्याचे २० मिलियन पक्के होण्याची तारीख तोंडावर आली होती आणि काउबॉईज त्याला सोडणार ही बातमी सगळीकडे झालेली. पुढे त्याने क्लीव्हलँडमध्ये ११६० यार्ड काढले, त्याच्या पुढच्या वर्षी १२५०, आणि त्यात ह्यूस्टनविरुद्ध एकाच मॅचमध्ये २६५. पाचव्या राउंडचा माणूस म्हणे. आता कुणी मला सांगा की पिकच्या नंबरवरून खेळाडूचं काय कळतं.

आणि आता गंमत ऐका, मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी मित्राला रात्री साडेअकराला मेसेज केला होता. २००७ मध्ये रेडर्सनी त्यांचा रिसीव्हर रँडी मॉसला न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्सना विकलं, चौथ्या राउंडचा पिक, नंबर? ११०. हाच! आदल्या वर्षी मॉसचे फक्त ४२ कॅच होते, वय ३०, सगळे म्हणत होते संपला. त्याने पगार बराच कमी करून घेतला आणि न्यू इंग्लंडला गेला, आणि त्या सीझनला बॉल झेलून २३ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) मारले, जो एका सीझनमधला रिसीव्हिंगचा विक्रम आहे, आणि टीम सोळाच्या सोळा मॅच जिंकली. रेडर्सनी त्या ११० नंबरवर जो कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) घेतला त्याचं नाव आज रेडर्सवाल्यांनाही आठवणार नाही. तेव्हाही ११० हा आकडा मॉसबद्दल काहीच सांगत नव्हता. सांगत होता फक्त एवढंच की रेडर्सना तो नकोसा झालाय आणि हे लपलेलं नाही.

पण मॉस आणि किनन यांच्यात एक मोठा फरक आहे आणि माझ्या मते किननचा भाव करताना टीम तिथेच चुकतात. मॉस वाऱ्यासारखा पळायचा. किनन कधीच वेगवान नव्हता, ड्राफ्टच्या आधी ४० यार्ड पळायला त्याला ४.७ सेकंद लागले होते, रिसीव्हरसाठी हे फारच हळू. तो मोकळा होतो हुलकावणीवर. मी क्वालकॉम स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर बसून हे इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटले तरी दिसतं. समोर कॉर्नरबॅक उभा, किनन पहिली दोन पावलं अशी टाकतो की जणू त्याला ह्या प्लेशी काही देणंघेणं नाही. मग खांदा आत झुकतो, पाय बाहेर रोवतो, परत आत, कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषेच्या पलीकडे नाचतो ना तसं, आणि समोरचा कंबरेतून एकदा वळला रे वळला की हा दुसऱ्या बाजूने सुटलेला असतो. पळायचं काम त्याने केलेलंच नसतं, समोरच्याला पळवलेलं असतं. ही कला तिशीनंतर एकदम जात नाही. पाय जातात, हुलकावणी राहते. सप्टेंबर २०२३, मिनेसोटा, वय ३१, १८ कॅच, २१५ यार्ड, आणि वरून आमच्या क्वार्टरबॅकने, हर्बर्टने, बॉल मागे याच्याकडे फेकला तर याने स्वतः ४९ यार्डांचा टचडाउन पास टाकला माइक विल्यम्सला. चार्जर्स २८-२४ जिंकले. सहा महिन्यांनी दोघंही टीममध्ये नव्हते.

मित्राचा पुढचा मुद्दा, आणि तो रास्त आहे, की मग बेअर्सकडे काय दिवे लावले? ७० कॅच, ७४४ यार्ड, ७ टचडाउन. २३ मिलियनच्या मानाने कमीच, मी नाही कुठे म्हणतोय. पण तीही टीम बघा ना. पहिल्या नंबरवर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला, नवखा, आणि नवव्या नंबरवर परत एक रिसीव्हर घेतला, रोम ओडुन्झे. रिसीव्हर डीजे मूर आधीपासून होताच. म्हणजे एका बॉलला तीन वाटेकरी. केलेबला त्या सीझनला ६८ वेळा पाडला. अडुसष्ट! किननची हुलकावणी पूर्ण व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात क्वार्टरबॅक जमिनीवर. नोव्हेंबरमध्ये आधी ऑफेन्सचा कोच काढला, मग मुख्य कोच. ५-१२ ने सीझन संपला. याच मित्राने मार्चमध्ये मला लिहिलं होतं, "लॉटरी लागली रे, चौथ्या राउंडला किनन ॲलन!" आणि जानेवारीत तोच म्हणतो की पिक वाया गेला. पिक नाही वाया गेला. गेला असेल तर पगार गेला, आणि तो किननमुळे नाही, त्याला जिथे नेऊन ठेवला त्या घरामुळे.

चार्जर्सच्या बाजूचंही लिहायला हवं. त्यांनी ११० नंबर ठेवला नाही, तो आणि ३७ नंबर देऊन ३४ वर सरकले आणि नवा रिसीव्हर लॅड मॅककाँकी घेतला. पोराने पहिल्याच वर्षी ११४९ यार्ड काढले. म्हणून आमच्यातले बरेच जण म्हणतात की म्हणजे किनन देऊन लॅड आला, सौदा फायद्याचा झाला. मला हा हिशेब पटत नाही. तीन नंबर वर सरकायला ११० लागला, तेवढंच त्याचं काम. आणि जानेवारी २०२५ ची ह्यूस्टनमधली प्लेऑफ आठवा. ३२-१२ ने हरलो. लॅडचे एकट्याचे १९७ यार्ड आणि बाकी कुणाच्या हातात बॉल टिकेना, दुसरा रिसीव्हर जॉन्स्टनला एकही कॅच नाही, हर्बर्टचे चार इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्या टीमने झेलला), त्यातला एक तर आपल्याच माणसाच्या हातावर आपटून उडालेला. मी त्या दिवशी टीव्हीसमोर उभाच होतो, बसवत नव्हतं, आणि प्रत्येक थर्ड डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसरीला) मनात एकच, की आत्ता १३ नंबर हवा होता. आठ यार्ड लागतात तिथे नऊ यार्डांवर जाऊन थांबणारा आणि हातातला बॉल न सोडणारा माणूस. पॉइंटच्या तक्त्यात याचा रकानाच नाही.

मला विचाराल तर भाव काय असायला हवा होता? तिसऱ्या राउंडचा पिक, आणि पगारातले पाच-सहा मिलियन चार्जर्सनी स्वतः उचलायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिसीव्हर दावांते ॲडम्स जेट्स टीमला गेला तो तिसऱ्या राउंडवरच गेला, तोही ३१ वर्षांचा. म्हणजे बाजार अगदीच बंद नव्हता. आणि फेब्रुवारीतच बोलणी सुरू करायला हवी होती, गळ्याशी येईपर्यंत थांबायचं नाही. हे मी तेव्हाही म्हणत होतो.

मित्राला शेवटी एवढंच विचारलं की तो संपला होता ना, मग ऑगस्ट २०२५ मध्ये चार्जर्सनी परत का घेतला? एका वर्षासाठी, जास्तीत जास्त साडेआठ मिलियनपर्यंत, पिक वगैरे काही नाही. हप्ते कमी झाले, गाडी तीच. सप्टेंबरमध्ये साओ पाउलोला चीफ्सविरुद्ध पहिली मॅच, मी ऑफिसातून लवकर निघून घरी पोचलो होतो. किननचे ७ कॅच, ६८ यार्ड, एक टचडाउन, आणि २७-२१ ने जिंकलो. त्या टचडाउनला बायको आतून धावत आली, काय झालं म्हणून. मी नुसतं टीव्हीकडे बोट दाखवलं, बोलता येत नव्हतं.