एक ग्रॅमच्या सुईने रेकॉर्ड वाचत नाही

नागपुरातल्या धरमपेठेतला एक मुलगा परवा आजोबांचा थोरेन्स टीडी १६० टर्नटेबल घेऊन माझ्याकडे आला. गाणारा तारसप्तकात गेला की आवाज फाटत होता. "काका, सुई तर अगदी हलकी ठेवलीय, एकच ग्रॅम," तो म्हणाला. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली छोटी डबी, ऑर्टोफॉनची २एम रेड. तिला कंपनी १.८ ग्रॅम भार, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा दाब, सांगते. मी तेवढा भार दिला. त्याने नवी घेतलेली रेकॉर्ड स्वच्छ वाजली. महिनाभर एक ग्रॅमवर रोज वाजवलेली आजोबांची एलपी मात्र फाटकीच वाजत राहिली, आणि आता ती तशीच वाजणार.

हा सल्ला त्याला फोनवर आलेल्या एका संदेशातून मिळाला होता. जुन्या टर्नटेबलवाल्यांमध्ये तो बराच फिरतो, मलाही तीनदा आलाय. त्यातले दावे असे: सुईचा भार जितका कमी तितकी रेकॉर्ड जास्त टिकते, आर्म (कार्ट्रिज धरणारा लांब हात) बारा इंची घ्या, मग कोणतीही कार्ट्रिज चालते, मापाचा कागद ठेवून कार्ट्रिज जुळवायची गरज नाही, नजरेला सरळ दिसली की झाले, अँटीस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) शून्यावर ठेवा, जुन्या आर्ममध्ये बिघडण्यासारखे काही नसते.

भाराचा दावा ऐकायला पटतो, म्हणून तोच जास्त घातक. रेकॉर्डवरची खाच सरळ नसते, ती आवाजाबरोबर डावी-उजवीकडे आणि वर-खाली वळते. जोराचा स्वर आला की वळणे तीव्र होतात. भार पुरेसा असेल तर सुई दोन्ही भिंतींना टेकून त्या वळणांतून जाते. कमी पडला तर ती क्षणभर भिंत सोडते आणि परत येऊन आदळते. हिऱ्याचे टोक विनाइलवर आदळले की ओरखडा उमटतो आणि तो भरून येत नाही. योग्य भारावर होणारी झीज याच्यापुढे फारच किरकोळ. म्हणून कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या मधोमध किंवा किंचित वर राहा. ऑर्टोफॉनच्या २एम रेडला १.८ ग्रॅम योग्य, तर डेनॉनच्या डीएल-१०३ कार्ट्रिजला २.५. काउंटरवेटवरच्या (आर्मच्या मागच्या फिरत्या वजनावरच्या) आकड्यांवर विसंबू नका, छोटा डिजिटल काटा घ्या. त्याची ताटली लोखंडी नसावी, नाहीतर कार्ट्रिजमधला चुंबक तिला ओढतो आणि आकडा चुकतो.

लांब आर्मबद्दलचे अर्धे म्हणणे खरे आहे. बारा इंची आर्ममध्ये सुईच्या कोनाची चूक नऊ इंचीपेक्षा कमी होते. पण तो बसवायला जागा लागते. गॅरार्ड ४०१ हा टर्नटेबल आर्मशिवायच विकला जाई, त्याला मोठा प्लिंथ (खालची बैठक) करून घेता येतो. टीडी १६०चे तसे नाही. त्याचा आर्म आणि थाळी तीन स्प्रिंगांवर तरंगतात, तिथे जड आर्म टाकला की सगळा तोल जातो.

"कोणतीही कार्ट्रिज चालते" हे तर साफ चूक. सुईची दांडी म्हणजे एक स्प्रिंग आहे आणि आर्म हे त्या स्प्रिंगवरचे वजन. दोघांची मिळून एक स्वतःची कंपनसंख्या असते, ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडली पाहिजे. हिशेब सोपा आहे: आर्मचे प्रभावी वस्तुमान (हलताना सुईपाशी जाणवणारे त्याचे वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा, तिला सुईच्या लवचिकतेने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. २एम रेडचे वजन ७.२ ग्रॅम आणि लवचिकता २०. आर्म १२ ग्रॅमचा असेल तर उत्तर ८च्या आसपास येते, चालेल. आर्म २५ ग्रॅमचा असेल तर ते ६ वर घसरते.

६ वर घसरले तर काय बिघडते, हे नागपूरकराला तरी समजले पाहिजे. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि गच्चीखालच्या खोलीत माळ्यावर आडव्या रचलेल्या रेकॉर्डी वाकतात. आमच्याकडच्या जुन्या संग्रहांत तव्यासारखी सपाट रेकॉर्ड क्वचितच निघते. अशा वाकड्या रेकॉर्डीचे हेलकावे याच खालच्या पट्ट्यात, ८ हर्ट्झच्या आत येतात. आर्मची कंपनसंख्या तिथेच असेल तर प्रत्येक फेरीला आर्म झोके घेतो, सुईवरचा भार कमी-जास्त होतो आणि स्पीकरचे पडदे आत-बाहेर हलताना डोळ्यांना दिसतात. त्यात कूलर त्याच भिंतीला टेकलेला असेल तर विचारू नका.

आता कार्ट्रिज जुळवण्याचा मुद्दा, आणि माझा जीव इथे सगळ्यांत जास्त अडकतो. खिळीवर फिरणारा आर्म रेकॉर्डवर कमान काढत जातो, त्यामुळे सुई खाचेला तंतोतंत समांतर फक्त दोन ठिकाणी असते. ती ठिकाणे कुठे पाडायची हे आपल्या हातात आहे. प्रचलित बेअरवाल्ड मांडणीत ती केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर येतात, स्टीव्हनसनच्या मांडणीत ६०.३ आणि ११७.४ वर. आता आपल्या ख्यालाची एलपी आठवा. कडेला विलंबित सुरू होतो, तिथे सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ हा वेग २१ वर येतो, म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि नेमक्या तिथेच द्रुत येतो, ताना येतात, तबला चढतो. गायकाने बाजूभर जे उभे केले ते सगळे शेवटच्या दोन सेंटिमीटरांत असते. ते फाटू नये म्हणून मी शास्त्रीय गाण्यासाठी स्टीव्हनसनची मांडणी ठेवतो. मधल्या भागात थोडी जास्त चूक पत्करावी लागते, ती मला मान्य आहे. नजरेने सरळ लावलेल्या कार्ट्रिजमध्ये ही निवडच उरत नाही. एक-दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, पण तानेत लगेच ऐकू येतो.

अँटीस्केटिंगचे थोडक्यात. हेडशेल (आर्मचे टोक, जिथे कार्ट्रिज बसते) तिरका असल्यामुळे घर्षण आर्मला केंद्राकडे ओढते. शून्यावर ठेवले तर आतल्या भिंतीवर जास्त दाब पडतो, बाहेरची भिंत सुटते आणि उजवा चॅनेल आधी फाटू लागतो. भाराच्या आकड्याइतके अँटीस्केटिंग ठेवून सुरुवात करा, मग दोन्ही चॅनेल कानाने तपासा.

राहिला जुन्या आर्मचा दणकटपणा. लेन्को एल७५ या जुन्या टर्नटेबलचा आर्म ज्या रबरी खाचांवर टेकतो, त्या रबराचा वयोमानाने भुगा होतो. बाहेरून आर्म चकचकीत दिसतो, आत तो डुगडुगत असतो. म्हणून जुना आर्म घेण्याआधी अँटीस्केटिंग शून्यावर न्या, काउंटरवेट फिरवून आर्म हवेत आडवा तरंगता ठेवा आणि हेडशेलवर हलकी फुंकर मारा. तो न अडखळता सरकला पाहिजे. मग दोन बोटांत धरून अलगद पुढे-मागे हलवा. खिळीपाशी बारीकशी टकटक जाणवली, तर आधी बेअरिंग दुरुस्त करून घ्या, तोवर त्याच्याखाली आजोबांची रेकॉर्ड ठेवू नका.