मीठ, आयोडाइड आणि ब्रोमाइड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डी-७२ डेव्हलपर (कृष्णधवल फोटोच्या कागदावर चित्र उमटवणारं द्रावण) घरी बनवण्याच्या माझ्या लेखावरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पोटॅशियम ब्रोमाइडचा मी उगाच बाऊ केला, कॉफीपासून केलेल्या डेव्हलपरात लोक आयोडीनयुक्त मीठच घालतात. ब्रोमाइड मिळेना म्हणून तुम्ही तेवढंच, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घातलं, तर कागदावर चित्र धड उमटेना. म्हणजे सूत्रच चुकीचं. आणि ब्रोमाइड घरी करायची कृती मी का दिली नाही?

सूत्र ठीक आहे. घोळ आयोडाइडनं केलाय.

लिटरभर डी-७२ मध्ये मेटॉल ३, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल सोडियम कार्बोनेट साधारण ६८ आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. यातलं ब्रोमाइड द्रावणातले चांदीचे आयन कमी ठेवतं, म्हणून कागदावरचे उजेड न लागलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे दाणे काळे पडत नाहीत, कागदाचा पांढरा भाग पांढरा राहतो. आयोडाइडही हेच करतं, पण सोल्युबिलिटी प्रॉडक्ट (क्षार पाण्यात किती विरघळतो त्याचं माप; जितका कमी तितका क्षार कमी विरघळतो) बघा : सिल्व्हर आयोडाइडचा सिल्व्हर ब्रोमाइडच्या सुमारे एक सहा-हजारांश. त्यामुळे २ ग्रॅम आयोडाइड नुसतं थोपवत नाही, दाण्यांचा पृष्ठभागच सिल्व्हर आयोडाइडचा करून टाकतं. त्यापुढे डेव्हलपरचं काही चालत नाही, आणि हायपोलाही (न उमटलेले दाणे धुऊन काढणारं फिक्सरचं द्रावण) ते काढायला वेळ लागतो. आयोडाइड वापरायचंच तर मिलिग्रॅमच्या हिशेबात. त्यातही हायड्रोक्विनोन असेल तर किंचित आयोडाइडनं डेव्हलपमेंट उलट लवकर सुरू होते. नवख्यानं या वाटेला जाऊच नये.

आता मीठ. आपल्याकडच्या मिठात आयोडाइड नसतं, पोटॅशियम आयोडेट असतं. ग्राहकाच्या हातात येताना किमान १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) आयोडीन. म्हणजे १० ग्रॅम मिठात ०.१५ मिलिग्रॅम. कॉफीच्या डेव्हलपरात व्हिटॅमिन सी असतं, ते आयोडेटचं आयोडाइड करू शकतं; डी-७२ मध्ये ते नाही. उरलं क्लोराइड. सिल्व्हर क्लोराइडचा सोल्युबिलिटी प्रॉडक्ट ब्रोमाइडच्या साडेतीनशे पट, त्यामुळे ब्रोमाइडच्या दाण्याला ते थोपवून धरत नाही. डी-२३ या फिल्मच्या डेव्हलपरमध्ये लिटरला ३० ग्रॅम साधं, बिनआयोडीनचं मीठ घालतात खरं, पण तिथं ते चांदी किंचित विरघळवून दाणा बारीक करायला. काम वेगळं.

खरी बदली सोडियम ब्रोमाइडची. वजनाला वजन घेऊ नका, रेणूभाराच्या हिशेबानं घ्या. पोटॅशियम ब्रोमाइड ११९, निर्जल सोडियम ब्रोमाइड १०२.९, दोन रेणू पाण्याचं १३८.९. म्हणून २ ग्रॅमऐवजी निर्जल १.७३ किंवा पाणीवालं २.३३ ग्रॅम. बाटलीवर कोणतं ते वाचून घ्या. सोडियम ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढतं, कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली म्हणजे चिखलच. त्यामुळे आणल्या दिवशीच द्रावण करून टाकावं : निर्जल ८.६५ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर घालून एकूण १०० मिली. हे १० टक्के पोटॅशियम ब्रोमाइडच्या जागी मिलीला मिली चालतं. डी-७२ला लिटरमागे २० मिली. वजनाला इथल्या गुजरी पेठेत सराफांकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा हवा, स्वयंपाकघरातला नको.

लेबल गेलेली बाटली असेल तर चिमूटभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरा साका क्लोराइडचा, सायीसारखा ब्रोमाइडचा, पिवळा आयोडाइडचा. पांढरा की सायीचा असा संशय राहिला तर पातळ अमोनिया घाला : क्लोराइड चटकन विरघळतं, ब्रोमाइड जेमतेम. अमोनिया घातलेलं द्रावण मात्र लगेच भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या. ठेवलं तर त्यातून स्फोटक चांदीचं संयुग तयार होऊ शकतं.

ब्रोमाइड घरी का नाही? हायड्रोब्रोमिक आम्ल पोटॅशियम कार्बोनेटवर घातलं की होतं, पण ४८ टक्क्यांचं ते आम्ल धूर सोडतं आणि कातडी जाळतं. ब्रोमीन आणि कॉस्टिक पोटॅशची वाट त्याहून वाईट, वर ब्रोमेटही तयार होतं, जे ऑक्सिडायझर आहे. आणि एवढं कशासाठी? ५०० ग्रॅमची एक बाटली २५० लिटर डी-७२ला पुरते!

एप्रिल-मेमध्ये ट्रेमधला डेव्हलपर ३० अंशांवर गेला तर धुकं (पांढऱ्या भागावरची राखाडी झाक) वाढतं. आधी ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणा. तरीही शंका असेल तर सेफलाइटमध्ये (कागदावर परिणाम न करणाऱ्या डार्करूमच्या दिव्यात) कोऱ्या कागदाची पट्टी अर्धी कापा, एक अर्धी डेव्हलप करून फिक्स करा, दुसरी नुसती फिक्स करा. वाळल्यावर दोन्ही शेजारी ठेवा. पहिली राखाडी दिसली तर १० टक्के ब्रोमाइड लिटरला ५ मिली घालून परत पट्टी काढा. फार घातलंत तर कागद मंदावतो आणि टोन हिरवट-तपकिरी होतो. निळसर थंड टोन हवा असेल तर ब्रोमाइडसारखंच धुकं रोखणारं बेन्झोट्रायझोल वापरा : १ टक्क्याचं द्रावण, लिटरला १० मिलीपासून सुरुवात.