‘सेंड’ने ट्रू दिलं म्हणजे मेसेज पोहोचला? कुणी सांगितलं?

“फायरबेस काढून टाका, एकच वेबसॉकेट कायम उघडं ठेवा, एकही मेसेज चुकणार नाही” अशी पाच मुद्द्यांची पोस्ट डेव्हलपरांच्या ग्रुपांत फिरतेय. (फायरबेस म्हणजे फोनला सूचना पाठवणारी गूगलची सेवा; वेबसॉकेट म्हणजे अ‍ॅप आणि सर्व्हरमधलं उघडं राहणारं कनेक्शन.) भाच्याने ती आपल्या चॅट अ‍ॅपच्या प्रोजेक्टमध्ये जशीच्या तशी उतरवली, म्हणून हे लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक तिसरा मुद्दा, आधी तोच: “सेंडने ट्रू दिलं की डबल टिक दाखवा.” अहो, ओकेएचटीटीपीत (अँड्रॉइड अ‍ॅपला नेटवर्कशी जोडणारी लायब्ररी) सेंड या फंक्शनच्या त्या ट्रूचा अर्थ एवढाच की मेसेज फोनमधल्याच रांगेत लागला! तिथून तो कर्नलच्या (फोनच्या सिस्टिमचा गाभा) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात जातो. मोबाइल कंपनीच्या नॅटने (अनेक फोनना एकाच पत्त्यावरून इंटरनेट देणारी यंत्रणा) दरम्यान कनेक्शनची नोंद पुसली असेल, तर पॅकेट वाटेतच गायब होतात आणि सॉकेट मात्र उघडंच दिसतं. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्सच्या डिफॉल्ट सेटिंगने कर्नल 15 वेळा पुन्हा पाठवून बघतो. हार मानायला साधारण 924 सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. तेवढ्यात सिस्टिमने अ‍ॅप मारलं की रांगेतलं सगळं गेलं. टिक मात्र दिसतेय.

यावर उपाय जुनाच आहे. मेसेजला फोनवरच यूयूआयडी (कधीच दुसऱ्याशी न जुळणारा ओळख क्रमांक) द्या, आधी एसक्यूलाइटमध्ये (फोनमधला छोटा डेटाबेस) लिहा, मग पाठवा. सर्व्हरने स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंदवून तोच आयडी पोच म्हणून परत पाठवायचा. तोवर घड्याळाचं चिन्ह. दहा सेकंदांत पोच नाही आली, तर सॉकेट मेलं समजून नवं जोडा आणि त्याच आयडीने पुन्हा पाठवा. सर्व्हरवर त्या आयडीच्या कॉलमला युनिक इंडेक्स (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेणारा नियम) हवा, नाहीतर “जेवलास का?” दोनदा जाईल. येणाऱ्या मेसेजना क्रमांक द्या: जोडल्यावर अ‍ॅपने “412 पर्यंत मिळाले” म्हणायचं, सर्व्हरने 413 पासून द्यायचं.

पहिला मुद्दा, “बॅकग्राउंडला सॉकेट चालूच राहतं.” अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तऐवजात डोझचं (बॅटरी वाचवायची झोप) पान आहे, ते एकदा वाचा. चार्जर नाही, स्क्रीन बंद, फोन टेबलावर पडून, की काही वेळाने नेटवर्क बंद आणि वेकलॉक (फोनला जागं ठेवायची अ‍ॅपची विनंती) दुर्लक्षित. हे अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून आहे. त्याच पानावर हेही आहे की एफसीएमचा, म्हणजे फायरबेसच्याच मेसेज सेवेचा, हाय प्रायॉरिटी मेसेज अ‍ॅपला तेवढ्यापुरतं जागं करतो. फोरग्राउंड सर्व्हिसची (सूचना दाखवत मागे चालू राहणारं काम) पळवाट? अँड्रॉइड 15 ला टार्गेट केलंत तर तिच्या डेटासिंक प्रकाराला 24 तासांत 6 तासच. आयफोनवर तर अ‍ॅप मागे गेलं की काही सेकंदांत गोठतं.

“दर 5 सेकंदांनी पिंग” (कनेक्शन जिवंत आहे का ते बघणारा छोटा मेसेज): फोनच्या रेडिओला झोपूच द्यायचं नाही, बॅटरीचा बट्ट्याबोळ. एनजिनएक्सचा (सर्व्हरसमोर बसणारं सॉफ्टवेअर) शांत कनेक्शन तोडायचा डिफॉल्ट टाइमआउट 60 सेकंदांचा आहे, म्हणून अ‍ॅप समोर असताना 30 सेकंदांनी एक पिंग पुरतो. मागे गेलं की सॉकेट सरळ बंद करा.

“तुटलं की लगेच लूपमध्ये जोडा”: सर्व्हर रिस्टार्ट झाला की सगळे फोन एकदम तुटून पडतील. पुन्हा जोडण्याआधीची वाट 1, 2, 4 अशी 60 सेकंदांपर्यंत वाढवा, वर थोडा रँडम वेळ मिसळा.

राहिला पाचवा, “एफसीएम भरवशाचं नाही.” बरं, अर्धं खरं. एका फोनसाठी शंभराहून जास्त मेसेज साठले तर ते टाकून देतं, मजकूर गूगलमार्गे जातो, आणि गूगल प्ले सर्व्हिसेस नसलेल्या फोनवर ते नाहीच. तिथे सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅपसुद्धा स्वतःचं वेबसॉकेट वापरतं. म्हणून एफसीएममधून फक्त “काहीतरी आलंय” एवढंच पाठवा. मजकूर अ‍ॅपने जागं होऊन सर्व्हरकडून क्रमांकाने मागायचा.