कोडिंग शिकवा, पण २४५ सोडू नका
वर्गीकरण-तालिकीकरणाचे तास कमी करून ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना डेटा सायन्स शिकवा, हे एका लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. पुस्तकांच्या नोंदी संगणकात ठेवायची ‘मार्क’ ही पद्धत १९६० च्या दशकातली, जुनी खरंच. पण तिच्या २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षक, ६५० मध्ये विषय असं हाताने भरताना जी शिस्त अंगात मुरते, तीच पुढे मेटाडेटाच्या (म्हणजे माहितीबद्दलच्या माहितीच्या) नोकरीत कामी येते. आमच्याकडे आलेल्या एका पदवीधर मुलीला पुस्तकं विषयवार लावायचे ड्यूईचे आकडे तोंडपाठ होते. पण कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच लेखक तीन स्पेलिंगांनी पडलाय, एकत्र कसा करशील विचारलं, तर गप्प! (कोहा फुकट मिळतं हो, सरावाला साधा संगणक पुरतो.) आणि वाचक मागतो एक, त्याला हवं असतं दुसरंच, हे संदर्भसेवेच्या टेबलावर बसल्याशिवाय कसं कळणार?