वहिनी प्लॉट विकतात तेव्हा

हिंदीतला बडा हिरो टीव्हीवर वेलचीची पुडी उघडतो, तेव्हा आमच्या घरात कुणी वेलची आणायला धावत नाही. त्याला त्याचे पैसे पोचलेत आणि वेलचीच्या आडून नक्की काय खपवलं जातंय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. २०२२ मध्ये अक्षय कुमारने अशी जाहिरात केली, लोक तुटून पडले, त्याने माफी मागून अंग काढून घेतलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बच्चू कडूंनी ऑनलाइन गेमिंगच्या जाहिरातीवरून थेट सचिनच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं. बड्या लोकांच्या बाबतीत आपण भलतेच जागरूक असतो.

मला धास्ती वाटते ती आपल्या मालिकांमधल्या वहिनींची.

ही बाई रोज संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये येते. सासूने हिचा छळ केला तेव्हा आपण जेवणाचं ताट बाजूला सारलंय. मग एक दिवस मालिका संपते आणि वहिनी रीलमध्ये दिसतात. पैठणी तीच, हसूही तेच, मागे हिरवा डोंगर. "मी तर इथे माझं हक्काचं सेकंड होम बुक केलंय, तुम्ही कधी करताय? कमेंटमध्ये 'प्लॉट' लिहा, माहिती इनबॉक्समध्ये." कर्जत, मुरबाड, शहापूर, पेण, ठिकाण कुठलंही असो, विमानतळ पंधरा मिनिटांवरच असतो. नवी मुंबईचा विमानतळ नक्की किती ठिकाणांहून पंधरा मिनिटांवर आहे, हा मला पडलेला खरा भूगोलाचा प्रश्न आहे.

माझी मावशी लालबागला राहते. काका रिटायर झालेत, ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत आहेत. परवा तिने मला फोन दाखवला.

"बघ गं, ती स्वतः उभी आहे तिथे."

"मावशी, तिला उभं राहायचे पैसे मिळालेत."

"मिळू देत की. पण ती खोटं कशाला बोलेल? स्वभावाने किती चांगली आहे."

तो स्वभाव मालिकेच्या लेखकाने लिहिलाय, हे सांगून पाहिलं. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मीच खलनायिका.

तोवर तिने कमेंटमध्ये 'प्लॉट' लिहूनही टाकलं होतं आणि दहा मिनिटांत फोन आला होता. रविवारी दादरहून एसी गाडी, साइटवर जेवण, परत घरापर्यंत. टोकन फक्त एकवीस हजार. सातबारा तुमच्या नावावर. मी फोन घेतला आणि महारेराचा, म्हणजे बांधकाम-प्लॉटच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नोंदणी नंबर विचारला. मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, फार्म प्लॉटला रेरा लागत नाही." म्हटलं, मग ही शेतजमीन का? तर म्हणे, "प्रपोज्ड एनए आहे."

एनए म्हणजे बिगरशेती, आणि 'प्रपोज्ड' म्हणजे अजून झालेली नाही. हे 'प्रपोज्ड' फार गोड प्रकरण आहे. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या काकांच्या सात पिढ्यांत शेती कुणी केली असेल तर ती गिरणी सुरू होण्याआधी, आणि तो कागद आता कुणाकडे नाही. जमीन बिगरशेती असेल आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर महारेराची नोंदणी हवी. म्हणजे एक तर नंबर दाखवा, नाही तर ती जमीन आम्हाला विकू नका. मधल्या फटीत हा सगळा धंदा चालतो. दहा-बारा अनोळखी माणसांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवायची आणि तुमचा तुकडा कुठला हे एका रंगीत नकाशावर दाखवायचं. पुढे वाटणीला गेलात की तो नकाशा तलाठी हातातही धरत नाही.

आता वहिनींचं. कायदा त्यांना ओळखतो, त्या कायद्याला ओळखत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. दिशाभूल करणारी जाहिरात केली तर जाहिरात करणाऱ्या कलाकारालाही १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत, शिवाय जाहिराती करायला बंदी. मालाची शहानिशा न करता नुसतं तोंड दाखवलं, हा बचाव चालत नाही. पैसे घेतलेत हे व्हिडिओतच स्पष्ट सांगायला हवं, हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात लपवून चालत नाही. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय. फोनने स्कॅन केला की प्रकल्पाची कुंडली समोर. वहिनींच्या रीलमध्ये ड्रोनने काढलेला डोंगर होता, धबधबा होता, क्यूआर कोड तेवढा नव्हता.

कलाकारांची बाजू मला दिसत नाही असं नाही. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी हातात येतात, चॅनलला टीआरपी पटला नाही की मालिका गुंडाळतात, आणि गोरेगाव-मालाडचं भाडं काही थांबत नाही. दहीहंडीची सुपारी, साडीच्या दुकानाचं उद्घाटन, हळदीकुंकवाला पाहुणी, हे सगळं करावं लागतं आणि त्यात गैर काही नाही. साडी खराब निघाली तर दोन हजार गेले. प्लॉट खराब निघाला तर काकांची तीस वर्षं जातात.

रमीचंही असंच झालं. दोनेक वर्षं आपले ओळखीचे मराठी चेहरे पत्ते पिसत होते, 'घरबसल्या जिंका' म्हणत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पाठोपाठ ते व्हिडिओ गायब झाले. त्यातल्या किती जणांनी 'आमचं चुकलं' म्हटलं? मला तरी एकही दिसला नाही. आपणही विचारलं नाही.

आपण काय विचारतो ते त्या रीलखालच्या कमेंटमध्ये वाचा. वहिनी जाडजूड झाल्यात. टिकली का नाही लावली. 'पाणी' म्हणायचं की 'पानी', यावर दोन काका एकमेकांची शाळा काढतायत. एकाला त्यांचा घटस्फोट झाला का हे हवंय. बाईच्या ब्लाउजवर मराठी माणूस संस्कृतीरक्षक म्हणून तुटून पडतो, आणि तीच बाई त्याच्या रिटायरमेंटचा पैसा मागायला आली की बदामाचे इमोजी टाकतो. ट्रोलिंगला जितकं बळ लागतं, त्याच्या दशांशात 'रेरा नंबर द्या' एवढं लिहून होतं.

मी तेवढंच लिहिलं. "ताई, अभिनय आवडतो. प्रकल्पाचा महारेरा नंबर आणि क्यूआर कोड टाकाल का?" पहिलं उत्तर एका दादांचं होतं: "मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय खेचतो." दुसरं त्या पेजचं: "डीएम केलंय." डीएममध्ये साइट व्हिजिटची वेळ होती.

संध्याकाळी माझी कमेंट उडाली. मी पुन्हा टाकली. तुम्हालाही असं रील दिसलं तर टाका, कॉपी-पेस्ट केलंत तरी चालेल. मावशीने रविवारची गाडी तूर्तास पुढे ढकललीय, रद्द केलेली नाही.