मशीननं चेन जळते म्हणे!

पावसाळ्याआधी झाडं छाटायची घाई सुरू झाली की बडोद्यातल्या माळी, लाकूडतोडे आणि लातीवाल्यांच्या (लाकडाच्या वखारवाल्यांच्या) व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. सोबत छोटा व्हिडिओ. म्हणणं असं: चेनसॉच्या चेनला मशीनवर कधीच धार लावू नका. मशीननं दात जळतो, चेनचं आयुष्य निम्मं होतं, कानशीसारखी धार मशीनला येतच नाही. आणि लावायचीच वेळ आली तर घासताना दातावर पाणी सोडत राहा. मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत धारेचंच काम करतो, त्यामुळे गिऱ्हाईक चेन टेबलावर ठेवायच्या आधी मोबाइल पुढे करतं. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी तो व्हिडिओ. त्यात दिसतं ते चेनला धार लावायचं मशीन नाहीच. तो हातात धरायचा चार इंची अँगल ग्राइंडर आहे, फॅब्रिकेशनवाले वापरतात तो. त्याला ना कोनाची खूण, ना दात अडकवायची जागा. चेन धारेच्या मशीनमध्ये चेन शिकंज्यात बसते, दात मागून एका खिट्टीला टेकतो, शिकंजा 25 ते 35 अंशांत हवा तसा फिरवता येतो आणि घासणाऱ्या फिरत्या दगडाचं डोकं बहुतेक चेनसाठी 55 किंवा 60 अंशांत कललेलं असतं. दोघांना ‘ग्राइंडर’ म्हणतात, एवढंच काय ते साम्य. अँगल ग्राइंडरनं चेन बिघडते, हे शंभर टक्के कबूल.

आता जळण्याचा मुद्दा. दात जळतो हे खोटं नाही. पोलाद तापत गेलं की त्याचा रंग बदलतो: 220 अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळा, 300च्या आसपास निळा. निळा पडला म्हणजे दाताचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. तो मऊ होतो आणि दोन फांद्यांत बोथटतो. याहून जास्त तापला तर उलटंच होतं. वरचा पातळ थर लालबुंद होतो, खालचं गार पोलाद ती उष्णता क्षणात ओढून घेतं आणि थर कडक, ठिसूळ बनतो. मग त्या दातावर कानस चालवून बघा, काचेवर नख फिरवावं तशी घसरते. ‘मशीनवर गेलेली चेन पुन्हा कानशीला दाद देत नाही’ अशी तक्रार येते ती इथून.

पण हे होतं कशानं? दगड दातावर दाबून धरल्यानं. दगड हलके टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. एका टेकीत जास्त माल काढायचा नाही. लागलं तर चेनला दोन फेऱ्या द्यायच्या. दुसरं कारण म्हणजे मळका दगड. चेनवरचं तेल आणि झाडाचा चीक दगडाच्या छिद्रांत बसला की दगड कापायचं सोडून नुसता घासतो, आणि घासलं की तापणारच. म्हणून चेन आधी धुवायची आणि दगड ड्रेसिंगच्या कांडीनं (दगडाचा मळका थर खरवडणाऱ्या) अधूनमधून उघडा करायचा. आमच्या धंद्यात हे दोन्ही टाळणारे बरेच आहेत, हेही सांगतो. ठिणग्या दिसल्या म्हणजे दात जळला असं मात्र नाही. ठिणगी ही उडालेल्या कणाची असते, दात त्या वेळी बोट लावण्याइतका गार असू शकतो.

पाणी सोडायचा सल्ला मेसेजमधला सगळ्यात धोकादायक. हे दगड कोरडे चालवायचे असतात. छिद्राळ दगड पाणी पितो, एका बाजूला जड होतो, आणि तसाच वेगात फिरवला तर फुटायची भीती. शिवाय खाली विजेची मोटर. दगड बसवण्याआधी त्याच्या भोकात बोट घालून लटकवा आणि लाकडी मुठीनं टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर फेकून द्या. चष्मा लावा. यात चर्चेला जागा नाही.

कानशीची धार सरस, हा दावा अर्धा खरा आहे. गोल कानस दाताच्या आत पोकळ गोलाई सोडते. स्वच्छ, ओल्या लाकडात ती सुरेख चालते. कामावर असताना पेट्रोल भरायला थांबलात की दोन-तीन हात कानशीचे मारावेत, मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो. फक्त कानस मापाची हवी: 0.325 इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप) चेनला 4.8 मिलिमीटरची, बारीक 3/8 लो प्रोफाइलला 4ची. एकच कानस सगळ्या चेनला चालवणारे मशीनला नावं ठेवतात, याची मला गंमत वाटते. आणि नव्या चेनची जी धार बघून आपण खूश होतो, ती कारखान्यात फिरत्या दगडावरच लागलेली असते.

खरा फरक पडतो तो चेन मार खाऊन येते तेव्हा. आपल्या रस्त्यांवरच्या कडुलिंबांत क्लासच्या आणि दवाखान्याच्या पाट्यांचे खिळे सालीआड दडलेले असतात. ऑगस्ट 2024च्या विश्वामित्री नदीच्या पुरात बुडालेल्या झाडांच्या सालीत गाळ बसला होता. गाळ आणि रेती चेनला खिळ्याइतकीच वाईट. 18 इंची पट्टीच्या (चेन जिच्यावर फिरते ती) चेनला साधारण 36 दात, निम्मे डावे, निम्मे उजवे. त्यातले पाच-सहा एकाच बाजूचे उडाले तर बाकीचे हातानं त्यांच्या मापाला आणणं हे दिवसभराचं काम, आणि हात थकला की कोन सुटतो. उजव्या हाताच्या माणसाची एक बाजू नेहमी बरी उतरते, दुसरी ढिली. मग काप वाकडा जातो आणि दोष पट्टीला मिळतो. (कधीकधी तो पट्टीचाच असतो, तीही बघावी.) मशीनवर खिट्टी एकदा लावली की सगळे दात एका लांबीचे.

आयुष्य निम्मं होण्याची गोष्टही इथेच येते. एकच दात फार तुटला असेल तर त्याच्यासाठी उरलेले 35 कापायचे नसतात, त्याला तसाच सोडायचा. हा विचार न करणारा माणूस चेन खातो, कानशीनंही खाईल. दात मागच्या खुणेपर्यंत, म्हणजे साधारण 4 मिलिमीटर उरेपर्यंत, चेन वापरता येते.

मेसेजमध्ये नाहीच अशी गोष्ट म्हणजे रेकर, प्रत्येक दातापुढचा तो बुटका खुंट. दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे दात घासत गेलं की तो ठेंगणा होतो आणि रेकर मात्र तेवढाच उंच राहतो. दोघांत साधारण 0.65 मिलिमीटरचा फरक हवा. तो गेला की धार कितीही लखलखीत असो, चेन छिलके न काढता पीठ काढते. रेकर चपट्या कानशीनं, वर मापाची पातळ पट्टी (गेज) ठेवून उतरवायचा. अंदाजानं जास्त उतरवलात तर करवत उसळून अंगावर येऊ शकते.