पुराचं पाणी जतला नेलं की सांगलीचा पूर जाईल?

‘पुराचं पाणी बोगद्याने जत-खानापूरला वळवा. सांगलीचा पूर गेला, तिकडचा दुष्काळही गेला, खर्च एकदाच.’ हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. हा मेसेज खरा ठरावा असं मलाही फार वाटतं. म्हणून हिशेब करून बघितला.

आधी पुराचं. दहा मीटर व्यासाचा बोगदा धरा. आत तीन मजली घर मावेल. त्यातून सेकंदाला तीन मीटर वेगाने पाणी गेलं, तर साधारण 8,300 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) होतात. त्या ऑगस्टमध्ये एकट्या कोयना धरणातून लाखावर क्युसेक सुटत होतं. वारणेचं पाणी आणि धरणांच्या खाली पडलेला पाऊस वेगळाच. म्हणजे नुसत्या कोयनेसाठी असे बारा बोगदे लागतील. शिवाय आठवड्याभरात आलेलं एवढं पाणी पलीकडे साठवायचं कुठे? तेवढे मोठे तलाव जतमध्ये नाहीत.

‘कोयनेचं पाणी बोगद्याने कोकणात जातंच की!’ जातं, कारण ते सह्याद्रीवरून खाली कोसळतं आणि जाताना वीज देऊन जातं. खानापूर तालुक्यातलं विट्याचं पठार आणि जत सांगलीपेक्षा उंचावर आहेत. इथे वीज मिळत नाही, घालावी लागते.

‘खर्च एकदाच’ हे तर सगळ्यात चुकीचं. एक टीएमसी (शंभर कोटी घनफूट) पाणी शंभर मीटर उचलायला, पंप 75 टक्के कार्यक्षम धरले तरी, सुमारे एक कोटी युनिट वीज लागते. दर वर्षी, दर टीएमसीला. टेंभू-म्हैसाळ या कृष्णेचं पाणी पंपाने वर उचलणाऱ्या उपसा योजनांवरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. या योजनांच्या वीजबिलाचा 81 टक्के भार शासनाने घेतला, तेव्हा कुठे 19 टक्क्यांत पाणी परवडू लागलं.

पूर असताना म्हैसाळचे पंप चालवून जतचे तलाव भरतात, ते जरूर करावं, वाढवावं. जतला एक टीएमसी म्हणजे जीव आहे. पण त्याने आयर्विनची पातळी बोटभरही उतरणार नाही, हे सांगलीकरांना स्पष्ट सांगा. बोगदा होणारच आहे असं धरून लोक पूररेषेच्या आत पुन्हा पाया खणताहेत.